ड्रायव्हरचा स्लाइस घालवायचा कसा: आधी क्लबफेस, मग बाकीचं

चेंडू टीवरून (तो ठेवायच्या छोट्या खुंटीवरून) सुटतो, पहिला क्षणभर छान वाटतो, आणि मग कुणी दोरी ओढावी तसा उजवीकडे वळत वळत झाडीत शिरतो. गोल्फ शिकणाऱ्या बहुतेकांची या चेंडूशी गाठ पहिल्या काही दिवसांतच पडते. हा स्लाइस. तो का होतो हे समजायला दहा मिनिटं पुरतात आणि घालवायला काही आठवडे लागतात. तरी कित्येक जण तो वर्षानुवर्षं बाळगतात, कारण ते उपाय योग्य तेच करतात, पण उलट्या क्रमाने.

सगळं वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटून वाचावं.

चेंडू वळतो कशामुळे

क्लब आणि चेंडू एकमेकांना टेकलेले असतात तो काळ जेमतेम अर्ध्या मिलिसेकंदाचा. तेवढ्यात चेंडूला दोन गोष्टी कळतात: क्लबफेस (क्लबची चेंडूला लागणारी बाजू) कुठे बघतोय आणि क्लब कुठल्या दिशेने चाललाय. तुमचा खांदा, गुडघा, डोकं यांची त्याला काही खबर नसते. शरीराच्या हालचाली महत्त्वाच्या आहेत त्या फक्त या दोन गोष्टी बदलतात म्हणून.

चेंडू निघतो तो मुख्यतः क्लबफेस जिकडे बघतोय तिकडे. ड्रायव्हरच्या, म्हणजे सगळ्यात लांब मारणाऱ्या क्लबच्या बाबतीत सुरुवातीच्या दिशेचा साधारण ८५ टक्के वाटा क्लबफेसचा असतो, आयर्नच्या, म्हणजे मधल्या अंतराच्या क्लबच्या बाबतीत साधारण ७५ टक्के. पूर्वी याच्या उलट शिकवलं जायचं: चेंडू स्विंगच्या वाटेने, म्हणजे क्लब चाललाय त्या दिशेने निघतो आणि मग क्लबफेसकडे वळतो. चेंडूचा माग काढणारे रडार आले आणि ही समजूत मोडली. जुन्या खेळाडूंकडून अजूनही तो सल्ला ऐकू येतो, तेवढा मान डोलावून सोडून द्या.

चेंडू वळतो किती, हे ठरतं क्लबफेस आणि स्विंगची वाट यांच्यातल्या फरकावर. क्लबफेस वाटेच्या मानाने उजवीकडे उघडा असेल तर चेंडूच्या फिरकीचा अक्ष उजवीकडे कलतो आणि चेंडू कललेल्या पंखाच्या विमानासारखा तिकडे वळतो. चेंडूला 'मागची फिरकी' आणि 'बाजूची फिरकी' अशा दोन वेगळ्या फिरक्या नसतात; एकच असते, आणि तिचा अक्ष आडवा तरी असतो किंवा कललेला तरी. स्कॉटलंडचे भौतिकशास्त्रज्ञ पीटर गथ्री टेट यांनी गोल्फच्या चेंडूच्या उड्डाणातलं फिरकीचं गणित १८९०च्या दशकातच मांडलं होतं. त्यांचा मुलगा फ्रेडी १८९६ आणि १८९८ साली हौशी खेळाडूंची अमॅच्युअर चॅम्पियनशिप जिंकला. घरातल्या जेवणाच्या टेबलावरच्या गप्पा कशा असतील, असं मला नेहमी वाटतं.

यावरून एक कोडंही सुटतं. वेजने (जवळच्या फटक्यांच्या क्लबने) सरळ जाणारा चेंडू ड्रायव्हरनेच का वळतो? वेजचा लॉफ्ट, म्हणजे क्लबफेस मागे कललेला असतो तो कोन, मोठा, त्यामुळे मागे फिरणारी फिरकी भरपूर. क्लबफेस चार अंश उघडा राहिला तरी अक्ष थोडाच कलतो. ड्रायव्हरचा लॉफ्ट ९ ते १२ अंशांचा. तिथे त्याच चार अंशांनी अक्ष बराच कलतो, आणि चेंडू जास्त लांब जात असल्याने वळायला वावही जास्त मिळतो. थोडक्यात, तुमचा वेजचा स्विंग निर्दोष असतो असं नाही. तिथे चूक लपते.

सगळ्यात मोठा सापळा

चेंडू उजवीकडे जातो म्हटल्यावर माणूस काय करतो? डावीकडे नेम धरतो. मीही केलं. पाय डावीकडे, खांदे डावीकडे, आणि चेंडू आणखीच उजवीकडे. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, त्यातली गत.

कारण सोपं आहे. शरीर डावीकडे वळवलं की स्विंगची वाटही डावीकडे वळते, म्हणजे क्लब बाहेरून आत येऊन चेंडूला कापत जातो. पण चेंडू मैदानात राहावा ही मनातली इच्छा हातांना क्लबफेस लक्ष्याकडेच ठेवायला लावते. दोन्हींतला फरक वाढतो, वळणही वाढतं. पुढच्या वेळी तुम्ही आणखी डावीकडे नेम धरता. हे चक्र महिनोन्‌महिने चालू शकतं.

म्हणून माझं मत ठाम आहे: नवख्याने आधी क्लबफेस बंद करायला, म्हणजे डावीकडे वळवायला शिकावं, वाटेचं नंतर पाहावं. बाहेरून आत येणारी वाट बऱ्याचदा उघड्या क्लबफेसची सोबतीण असते. क्लबफेस उघडा आहे हे शरीराला माहीत असतं, म्हणून ते आपोआप डावीकडे ओढतं. क्लबफेस सुधारला की चेंडू थेट डावीकडे जायला लागतो, आणि मग तेच शरीर डावीकडे ओढायचं हळूहळू थांबवतं.

आधी निदान: चेंडू निघाला कुठून

रेंजवर (सरावाच्या मैदानावर) दहा चेंडू मारा आणि वळण विसरून फक्त सुरुवात पाहा. पहिल्या वीस-तीस मीटरांत चेंडू लक्ष्याच्या कुठल्या बाजूला निघतोय?

डावीकडे निघून उजवीकडे वळत असेल, तर क्लबफेस लक्ष्याच्या डावीकडेच बघतोय, पण वाट त्याहूनही डावीकडे आहे. इथे वाटेचा दोष मोठा. सरळ किंवा उजवीकडे निघून आणखी उजवीकडे जात असेल, तर क्लबफेस चांगलाच उघडा आहे आणि ग्रिप (क्लबची पकड) आणि मनगट यांचं काम आधी करायलाच हवं. पहिल्या प्रकारच्या लोकांनीही ते वगळू नये. त्यांना ते लवकर जमेल इतकंच.

आता दुसरी तपासणी, जी जवळजवळ कुणीच करत नाही: चेंडू क्लबफेसवर कुठे लागतोय? ड्रायव्हरचा फेस फुगीर असतो. चेंडू टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला लागला, तर आदळण्याच्या धक्क्याने क्लबचं डोकं किंचित फिरतं आणि चेंडूला उजवीकडे वळवणारी फिरकी मिळते. म्हणजे क्लबफेस आणि वाट दोन्ही ठीक असूनही स्लाइस होऊ शकतो. फेसवर पायाला मारायच्या पावडरचा स्प्रे फवारा, किंवा चेंडूवर व्हाइटबोर्डच्या पेनाने ठिपका काढून तो क्लबच्या बाजूला ठेवा. लागल्याची खूण स्पष्ट उमटते. हे फक्त सरावात. खेळताना फेसवर असं काही फवारणं नियमांत बसत नाही.

खुणा टाचेकडे असतील तर बहुतेक वेळा खाली येताना तुमचं वजन पंजांवर जाऊन शरीर चेंडूकडे सरकत असतं. उभं राहताना चेंडू फेसच्या टोकाजवळ (दांड्यापासून लांबच्या कडेला) ठेवून मारून पाहा, आणि स्विंग संपेपर्यंत पायांच्या टाचा जाणवत राहू द्या. अनेकांचा अर्धा स्लाइस इथेच जातो.

पहिली पायरी: ग्रिप

क्लबफेस उघडा राहण्याचं सर्वांत साधं कारण म्हणजे 'कमकुवत' ग्रिप. जोर कमी, असा त्याचा अर्थ नाही. हात दांड्यावर डावीकडे फिरलेले असणं, म्हणजे कमकुवत.

क्लब जमिनीवर टेकवा, क्लबफेस लक्ष्याकडे सरळ करा. आता डावा हात ठेवा. दांडा तळहातात आडवा येऊ देऊ नका. करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत तो बोटांत बसला पाहिजे, आणि तळहाताची टाचेकडची गादी दांड्याच्या वर. खाली पाहिलं की डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी असलेल्या गाठी दोन ते तीन दिसायला हव्यात. एकच किंवा एकही दिसत नसेल तर स्लाइसचं मूळ सापडलं समजा. अंगठा आणि तर्जनी यांच्यातली खाच उजव्या खांद्याकडे बघते का तेही पाहा. उजवा हात मग असा घाला की त्याचीही खाच त्याच दिशेने राहील.

इथे एक फसगत होते. लोक आधी जुन्या पद्धतीने पकडतात आणि मग हात उजवीकडे फिरवतात. हातांबरोबर क्लबही फिरतो, गाठी दिसतात, पण बदललेलं काहीच नसतं. आधी क्लबफेस सरळ, मग हात. प्रत्येक वेळी.

बोटं एकमेकांवर ठेवायची, एकमेकांत गुंफायची की दहाही बोटं दांड्यावर ठेवायची, यावर नवख्याने डोकं शिणवू नये. बोटावर बोट ठेवायची पद्धत हॅरी व्हार्डनच्या नावाने ओळखली जाते. त्याने ओपन चॅम्पियनशिप सहा वेळा जिंकली. गुंफायची पद्धत जॅक निक्लसची, आणि त्याच्या नावावर अठरा मेजर, म्हणजे सर्वांत मोठ्या स्पर्धांची विजेतेपदं आहेत. तेव्हा ज्यात हात घट्ट न आवळता एकत्र राहतात ती निवडा. घट्ट आवळलं की मनगटं आणि पुढचे हात (कोपर ते मनगट) लाकडासारखे होतात, आणि क्लबफेस बंद होण्यासाठी लागणारं वळणच होत नाही.

नवी ग्रिप विचित्र वाटेल. पहिल्या दिवशी तर चेंडू लागणारच नाही असं वाटेल. रोज पाच मिनिटं घरात नुसता क्लब हातात घेऊन बसा. त्यासाठी चेंडूंची गरज नाही. हा बदल हातांना मुरायला स्विंग करण्यापेक्षा नुसतं धरून बसणं जास्त उपयोगी पडतं.

दुसरी पायरी: मुद्दाम हूक (डावीकडे वळणारा चेंडू) मारा

ग्रिप बदलूनही क्लबफेस उघडा राहत असेल तर डाव्या मनगटाकडे पाहा. स्विंगच्या वरच्या टोकाला ते मागे वाकलेलं असेल, म्हणजे हाताची पाठ आणि मनगट यांच्यात खोलगट वाटी झाली असेल, तर क्लबफेस उघडतो. फोन लक्ष्याच्या विरुद्ध बाजूला, लक्ष्याच्या रेषेवर, हातांच्या उंचीला ठेवून व्हिडिओ घ्या आणि वर पोचल्यावर थांबवून पाहा. क्लबफेसची कड डाव्या पुढच्या हाताशी साधारण समांतर दिसली तर ठीक. क्लबच्या डोक्याचं टोक सरळ जमिनीकडे लोंबत असेल तर उघडा.

आता डाव्या मनगटावर घड्याळ आहे अशी कल्पना करा. क्लब खाली आणायला लागताना काच जमिनीकडे झुकवायची, आणि चेंडूपाशी ती लक्ष्याकडे बघायला हवी. स्लाइस मारणाऱ्याची काच चेंडूपाशी आकाशाकडे बघत असते.

सरावासाठी ड्रायव्हर बाजूला ठेवा. सात किंवा आठ नंबरचा आयर्न घ्या, चेंडू छोट्या टीवर. हात कमरेच्या उंचीपर्यंत मागे, कमरेच्या उंचीपर्यंत पुढे, एवढाच अर्धा स्विंग. मागे गेल्यावर क्लबचं टोक वर, पुढे गेल्यावरही टोक वर, किंवा त्याहूनही थोडं जास्त वळलेलं. हेतू एकच: चेंडू डावीकडे वळवायचा. सरळ मारायचा प्रयत्नही करू नका.

सरळ चेंडू मागितला की शरीर जुन्या सवयीने उघडा क्लबफेस देतं, म्हणून डावीकडचा चेंडू मागायचा. पहिले काही चेंडू भलतीकडे डावीकडे जातील आणि शेजारी सराव करणारे दचकून बघतील. आनंद माना. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही क्लबफेस बंद केलाय. दहापैकी सात चेंडू डावीकडे वळेपर्यंत पुढच्या पायरीवर जाऊ नका. कुणाला दोन सत्रं लागतात, कुणाला दहा.

तिसरी पायरी: उभं राहणं

एक काठी किंवा जास्तीचा क्लब जमिनीवर पायांसमोर ठेवा. चेंडू आणि लक्ष्य जोडणारी रेषा आणि तुमच्या पायांची रेषा आगगाडीच्या रुळांसारख्या समांतर हव्यात. पाय नीट असूनही खांदे डावीकडे उघडलेले असतात, हा नेहमीचा प्रकार. ड्रायव्हरसाठी चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या बाजूसमोर असतो, आणि उजवा हात दांड्यावर खाली असल्यामुळे उजवा खांदा पुढे ओढला जातो. क्लब छातीवर आडवा धरून तो कुठे रोखलाय ते बघा. उजवा खांदा पुढे नव्हे, खाली जायला हवा.

चेंडू डाव्या टाचेच्याही पुढे गेला तर क्लब तिथे पोचेपर्यंत डावीकडे वळू लागलेला असतो. टीची उंची अशी ठेवा की अर्धा चेंडू ड्रायव्हरच्या वरच्या कडेपेक्षा वर दिसेल. टी फार खाली असली की माणूस वरून खाली घाव घालतो, आणि घाव बहुधा बाहेरून आत जातो.

खेळताना मात्र काठी किंवा क्लब दिशेसाठी जमिनीवर ठेवून उभं राहायला परवानगी नाही. नंतर उचलून घेतला तरी दंड टळत नाही. चेंडूच्या मागून लक्ष्य पाहा, चेंडूपुढे हातभर अंतरावरचा गवताचा एखादा वेगळा ठिपका निवडा आणि क्लबफेस त्यावर लावा.

चौथी पायरी: वाट

बाहेरून आत येण्याचं मूळ बहुतेकदा घाईत असतं. स्विंग वर पोचला न पोचला तोच उजवा खांदा आणि हात चेंडूवर झेपावतात. क्लब रेषेच्या बाहेर फेकला जातो आणि मग आत ओढावा लागतो.

क्रम असा हवा: आधी वजन डाव्या पायाकडे, मग कंबर, आणि हात शेवटी. वरून खाली येताना तुमची पाठ क्षणभर अजून लक्ष्याकडेच आहे आणि उजवं कोपर उजव्या खिशाकडे येतंय, अशी जाणीव ठेवा. डोक्यात एका वेळी एकच जाणीव; दोन ठेवल्या की एकही होत नाही.

जाणीव नेहमी खरी नसते, म्हणून अडथळा लावावा. चेंडूच्या साधारण फूटभर मागे आणि तुमच्यापासून पलीकडच्या बाजूला काही इंच अंतरावर क्लबचं कापडी कव्हर किंवा रिकामं खोकं ठेवा. क्लब बाहेरून आला तर त्याला लागणार, आतून आला तर सुटणार. वस्तू मऊच हवी. लाकडाचा ठोकळा ठेवून मनगट दुखावलेले लोक असतात. आधी आयर्नने, सावकाश, आणि मग ड्रायव्हरने.

एवढ्यानेही जमेना तर उजवा पाय वीसेक सेंटिमीटर मागे घेऊन अर्धे स्विंग करा. कंबर आपोआप बंद राहते आणि आतून येण्याची चव कळते. कायमचा हा पवित्रा मात्र घेऊ नका.

गवतावर आयर्न मारत असाल तर उखडलेल्या मातीचा खड्डा पाहा. तो स्पष्ट डावीकडे रोखलेला असेल तर वाट अजून बाहेरूनच आहे. चटईवर हा पुरावा मिळत नाही.

क्लब बदलावा का

शेवटी विचार करावा. पण मदत होते, आणि त्यात लाज काही नाही. जास्त लॉफ्टचा ड्रायव्हर कमी स्लाइस करतो; नऊ अंशांचा वापरत असाल तर साडेदहा किंवा बारा अंशांचा मारून पाहा. मानेपाशी (दांडा डोक्याला जोडतात तिथे) जुळवणी असलेल्या ड्रायव्हरमध्ये लॉफ्ट वाढवला की क्लबफेस थोडा बंदही होतो. टाचेकडे वजन असलेले, डावीकडे झुकते क्लब मिळतात. फार कडक दांडा किंवा हातात न मावणारी जाड मूठ काहींना क्लबफेस बंद करू देत नाही. हे सगळं काही मीटरांचा फरक करेल. तुमचा चेंडू चाळीस मीटर वळत असेल तर ते क्लबचं काम नव्हे.

उद्याच खेळायचं असेल तर

मैदानात स्लाइस दुरुस्त करू नका; त्या दिवसापुरता त्याच्याशी संसार करा. टीच्या जागेच्या उजव्या टोकाला चेंडू लावा आणि फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्याच्या) डाव्या बाजूकडे मारा, म्हणजे वळायला सगळी रुंदी मिळते. टीची जागा खुणांच्या मागे दोन क्लबांच्या लांबीइतकी खोल असते, तेव्हा सपाट जागाही निवडता येते. उजवीकडे हद्दीबाहेरचे पांढरे खांब असतील तर ड्रायव्हर पिशवीतच बरा. चेंडू हद्दीबाहेर गेला की एक फटका दंड आणि पुन्हा तिथूनच मारायचं. तीन नंबरच्या वुडचा (ड्रायव्हरच्याच जातीच्या क्लबचा) लॉफ्ट १५ अंशांच्या आसपास, त्यामुळे तो कमी वळतो. आणि चेंडू दुसऱ्या फेअरवेकडे निघाला की लाजू नका, लोकांना सावध करायला मोठ्याने 'फोर' ओरडा.

डावीकडे जास्तच वळायला लागला तर

काही आठवड्यांनी हा दिवसही येतो. चेंडू सारखा डावीकडे झाडीत जाऊ लागतो आणि जुना स्लाइस बरा होता असं वाटू लागतं. ग्रिप फक्त थोडी, म्हणजे अर्धी गाठ कमी दिसेल इतकी, डावीकडे फिरवा आणि आठवडाभर तशीच ठेवा. नामवंत गोल्फपटू बेन होगनला सुरुवातीच्या काळात हूकने छळलं होतं; त्याने ग्रिप कमकुवत केली आणि चेंडू हलका उजवीकडे वळवायला शिकला. म्हणूनच त्याच्या पद्धतीची ग्रिप स्लाइस मारणाऱ्या नवख्याने उचलली की त्याचं दुखणं दुप्पट होतं. शेवटी चेंडू पाच-सहा मीटर उजवीकडे वळून फेअरवेवरच थांबत असेल, तर त्याचं नाव फेड. निक्लसने कारकीर्दभर तो आवडीने मारला. तिथे पोचलात की ग्रिपला हात लावू नका.